निकषाच्या रकान्यात कोण बसत नाही?

परीक्षेत न्याय झाला, असे आपण कधी म्हणतो? गुण जास्त मिळाले म्हणून नव्हे. कोणत्या मापाने मोजणार हे आधी सांगितले होते आणि ते माप सगळ्यांना सारखे लावले, एवढी खात्री असली की कमी गुणही माणूस स्वीकारतो. रुब्रिकचा नैतिक आधार हाच. रुब्रिक म्हणजे निकषांचा तक्ता. डावीकडे आशय, मांडणी, शब्दसंपदा, शुद्धलेखन असे निकष. पुढे प्रत्येकाच्या तीन-चार पायऱ्या आणि त्या त्या पायरीवरचे लेखन कसे असते याचे वर्णन. विद्यार्थी लिहायला बसण्यापूर्वीच हा तक्ता त्याच्या हाती द्यायचा.

याची गरज का, हे १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून कळते. पॉल डीडरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ जाणत्या वाचकांकडून तपासून घेतले. श्रेणी नऊ होत्या, निकष मात्र दिले नव्हते. त्यांपैकी १०१ निबंध असे निघाले की प्रत्येकाला कोणा ना कोणाकडून नऊच्या नऊ श्रेण्या मिळाल्या! कोणी विचार पाहत होता, कोणी शुद्धलेखन, कोणी शैली. मग गुण लिहिणाऱ्याचे की तपासणाऱ्याच्या मर्जीचे?

महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, वर्णनात्मक नोंदी आल्या. पाठोपाठ तयार नोंदींच्या पुस्तिकाही बाजारात आल्या. मुलाकडे न पाहता भरलेला तक्ता जुन्या मर्जीपेक्षा बरा, असे आम्ही म्हणणार नाही.

पण खरा प्रश्न याहून अवघड आहे. सगळ्यांना सारखे लावलेले माप न्याय्य असतेच का?

समजा, घरी दखनी बोलणारी मुलगी मराठी शाळेत 'माझा आवडता सण' लिहिते. चाँदरातीची गडबड, दस्तरखानावर मांडलेल्या वाट्या, शेजाऱ्यांकडे शीरखुर्मा पोचवणारी खाला. निबंध जिवंत आहे. लिंगाच्या दोन चुका आहेत, त्या चुका आहेतच. पण 'खाला'खालीही लाल रेघ येते, 'दस्तरखान'खालीही, आणि 'भाषेची शुद्धता' या रकान्यात ती सर्वांत खालच्या पायरीवर जाते. हजर, तारीख, कागद, दप्तर हे शब्दही फारसी-अरबीतलेच. त्यांच्याखाली कोणी रेघ ओढत नाही. ते दरबारातून आले म्हणून मराठी झाले, आणि खाला घरातून आली म्हणून अशुद्ध? तक्ता करणाऱ्याच्या मनात असा भेद नसेलही. पण त्याच्या घरात जे शब्द नाहीत, ते त्याच्या रकान्यातही नसतात.

अमलाचा हिशेब नियत पाहून होतो, असे आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. शिक्षकाला कोणाच्या मनात शिरता येत नाही, त्याच्या हाती फक्त उत्तरपत्रिका असते. म्हणून तर निकष ठरवताना त्याने जास्त जपायला हवे.

तक्ता शिक्षकाने एकट्याने करू नये, असे आम्हांला वाटते. जुने दोन-तीन निबंध नावे झाकून वर्गापुढे ठेवावेत. चांगला कोणता आणि का, हे मुलांना विचारावे, उत्तरे फळ्यावर लिहीत जावीत. 'वाचताना ते घर दिसतं,' असे कोणी म्हणाले तर तो निकष पुस्तिकेत सापडणार नाही, पण तो खरा आहे. शुद्धलेखनाला दहापैकी दोन गुण ठेवावेत आणि त्यातली चूक आशयाच्या रकान्यात शिरू देऊ नये. बोलीतला नेमका शब्द शब्दसंपदेत जमा धरावा. यात वेळ जातो, अशी तक्रार होईल. जातोच. साठ मुलांच्या वर्गात वर्षातून दोनदा जमले तरी पुष्कळ.

तरीही प्रमाणभाषेचा प्रश्न उरतो. दहावीच्या बोर्डाचा परीक्षक 'खाला'कडे कसा पाहील, हे वर्गशिक्षकाच्या हाती नाही. 'मावशी' हा शब्दही त्या मुलीला आला पाहिजे, आणि कोणता शब्द कुठे वापरायचा हेही. त्यासाठी तक्त्यात वेगळा रकाना करता येतो.