शुश्रूषा करणाऱ्याचा राग

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करताना त्याच्यावरच राग निघणे, हे घरोघरी घडते आणि क्वचितच बोलले जाते. ज्याच्यावर हा राग निघतो त्याला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ स्वभावाचा राहत नाही, नीतीचा होतो.

सातारा-सांगलीत या रागामागे स्थलांतराचा इतिहास आहे. पाटण, माण, खटावची माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडीकामाला गेली. खानापूर, आटपाडी, तासगावकडची मुले सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभरातल्या शहरांत पांगली. कितीतरी घरांतले लष्करात आहेत. गावी उरतात म्हातारे आईवडील आणि बहुधा एकच सून. सासऱ्यांच्या अंगावरून वारे गेले, की दर दोन तासांनी कूस बदलणे, भरवणे, शी-शू काढणे तिच्याकडे येते. शिवाय रान, जनावरे आणि पोरांची शाळा असतेच. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटे घालवत होत्या, तर पुरुष ७६. लकव्याच्या रुग्णाच्या घरात एवढी मिनिटे सकाळीच संपतात.

स्मृतिभ्रंशात तर संध्याकाळ सर्वांत अवघड. दिवस कलला की अशा अनेक रुग्णांची घालमेल वाढते. घरात बसूनच ते ‘मला घरी जायचंय’ म्हणत राहतात. नेमकी तीच वेळ धार काढायची आणि डेअरीला दूध घालायची. पाचव्यांदा तोच प्रश्न आला की आवाज चढतो. उत्तर ऐकूनही मेंदू ते साठवू शकत नाही, हे घरच्यांना कोणी समजावलेले नसते. म्हातारा मुद्दाम छळतो आहे असे वाटू लागते, आणि बहुतेक वेळा भडका या गैरसमजातून उडतो. वाद घालून उपयोग नसतो. ‘जाऊ हं, आधी चहा घेऊ’ एवढ्याने बऱ्याचदा भागते.

वैद्यकशास्त्र हा राग गृहीत धरते. काळजीवाहकावरचा भार मोजण्यासाठी झारिट आणि सहकाऱ्यांनी १९८०मध्ये तयार केलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. रुग्णाच्या सहवासात राग येतो का, हे तिच्यात सरळ विचारले आहे. राग आला म्हणून माया आटली असे ठरत नाही. झोप किती दिवस अपुरी आहे आणि मदतीला कोण आहे, हे आधी पाहावे.

तरीही मर्यादा पाळायलाच हवी. हात उगारणे, करकचून बांधणे, उपाशी ठेवणे, ‘मर एकदाचा’ म्हणणे याला थकवा हे कारण असू शकते, समर्थन नाही. हाताला घाई सुटली, दात आवळले गेले, की काम तिथेच थांबवावे. रुग्ण पडणार नाही एवढे पाहून ओसरीवर यावे, पाणी प्यावे, श्वास शांत झाल्यावरच आत जावे. पाच मिनिटे उशिरा बदललेल्या कपड्याने होणारे नुकसान रागाने ओढलेल्या हातापेक्षा कमी असते. हे वरचेवर होऊ लागले तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. २०२२पासून चालू असलेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, चोवीस तास, मोफत बोलता येते.

यापलीकडचा भाग एकट्या काळजीवाहकाच्या हातातला नाही. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली. सांभाळणाऱ्याच्या विश्रांतीची तरतूद त्यात नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विनामोबदला सेवा करणाऱ्या कुटुंबीयालाही काळजीवाहक मानले आणि अतिगरजू दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख केला. घरातल्या सेवेच्या वाटणीबद्दल कायदा काही करू शकत नाही. जमिनीचे सातबारे भावांत सारखे वाटले जातात, आईचे आजारपण मात्र एकाच सुनेच्या वाट्याला जाते, हा उघड अन्याय आहे. लांबून फोनवर सूचना देणाऱ्या नणंदा-दिरांनी तिच्या चढलेल्या आवाजाचा न्याय करू नये. जत्रेला आणि दिवाळीला ते गावी येतातच. त्या सुटीतल्या निदान चार रात्री त्यांनी आजाऱ्याच्या खोलीत झोपावे, आणि त्या सुनेला माहेरी पाठवावे.