पाठ, आवर्तन आणि स्मरण

स्मरण हा महानुभाव साधनेचा प्राण होय. नाम, मूर्ती, लीळा व चेष्टा यांचे स्मरण करावयाचे, तर ते आधी चित्तात साठलेले असले पाहिजे. जे साठलेच नाही ते आठवणार कसे?

म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपास, सर्वज्ञांच्या लीळा संकलित केल्या. ज्यांनी लीळा पाहिल्या त्यांच्याकडे जाऊन त्यांनी विचारपूस केली आणि श्रीनागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे धाडीच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली, असे परंपरा सांगते. तेव्हा पंथाला तारले ते भक्तांच्या कंठस्थ ज्ञानाने. हिराइसेचा पाठ याच कारणाने आजही आदराने सांगितला जातो. पोथी गेली, परंतु स्मरण उरले.

हे स्मरण कसे साधते? केसोबासांच्या दृष्टांतपाठाची मांडणीच त्याचे उत्तर देते. त्यातील ११४ दृष्टांतांत आधी सूत्र, मग दृष्टांत व शेवटी दार्ष्टांतिक, असा क्रम आहे. सूत्र थोडक्या शब्दांचे, म्हणून ते जिभेवर बसते. दृष्टांत डोळ्यांसमोर उभा राहतो. हत्ती चाचपणारे जात्यंध एकदा ऐकले की विसरत नाहीत. दार्ष्टांतिकाने त्याचा अर्थ जीवाला लागतो. नुसते सूत्र घोकणारा शब्द राखतो व अर्थ गमावतो. नुसता दृष्टांत आठवणाऱ्याजवळ गोष्ट उरते, बोध उरत नाही.

हदगाव परिसरातील कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या वासनिकाला दिवसभर पोथी उघडून बसण्यास सवड कोठून मिळणार? परंतु त्याची गरजही नाही. पहाटे एकच सूत्र समजून घ्यावे. शेताच्या वाटेवर पोथीविना ते म्हणून पाहावे. अडेल तेथे थांबून आठवावे. लगेच पोथीकडे धावू नये. आठवण्याच्या त्या कष्टानेच पाठ पक्का होतो. सायंकाळी घरातील कोणाला तरी ते अर्थासह सांगावे व चूक पोथीवरून सुधारावी. मग दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, पंधरवड्याने पुन्हा म्हणावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून विस्मरण मोजले. शिकलेले आरंभीच वेगाने विसरते व पुढे तो वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. म्हणून पहिले आवर्तन लवकर करावे, पुढील आवर्तनांत अंतर वाढवावे.

तथापि एक सावधानता हवी. शंभर सूत्रे मुखोद्गत असूनही शेजाऱ्याशी बांधावरून भांडण उपस्थित होताच अहिंसेचे सूत्र आठवले नाही, तर तो पाठ कंठातच राहिला, चित्तात उतरला नाही. पाठाची परीक्षा सभेत नव्हे, त्या बांधावर होते. ऐन क्रोधाच्या क्षणी जे सूत्र आपणहून उभे राहते, तेवढेच साधकाचे झाले, असे समजावे. उरलेले अद्याप पोथीचेच आहे.

दंडवत प्रणाम.