खुर्ची एकच होती

आमच्या शाखेत स्पेशल असिस्टंटची एक जागा निघाली आणि दोन बायकांची नावं पुढं आली. एक कॅशमधल्या, दुसऱ्या कर्जविभागातल्या. झालं! आम्हा पुरुष मंडळींचं कामात लक्ष लागेना. 'आज दोघी बोलल्या का हो?' हा चहाचा एकमेव विषय. कोणी कोणाकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, याची नोंद आम्ही खातेवहीपेक्षा चोख ठेवू लागलो. खोटं कशाला सांगू, तीन वर्षांपूर्वी अशाच जागेसाठी मी आणि एक सहकारी एकमेकांच्या जिवावर उठलो होतो. जागा मला मिळाली. तेव्हा त्याला सगळे 'चुरस' म्हणाले. बायकांचं झालं की तेच 'हेवेदावे'!

नाशिककराला शंका आली की तो गंगेवर तरी जातो, नाहीतर सार्वजनिक वाचनालयात. गंगेला पूर होता, म्हणून मी वाचनालयात गेलो आणि दोन पुस्तकं आणली. एक गाण्याचं, एक चित्रांचं. बघतो तर दोन्हींत आमचीच शाखा!

गाण्याच्या पुस्तकात केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. दोघी गोव्याच्या, दोघी अल्लादिया खांसाहेबांच्या शिष्या. गुरू एक, त्याची सकाळही एकच. मोगूबाईंची तालीम मध्येच तुटली. त्या खांसाहेबांचे बंधू हैदर खां यांच्याकडे शिकल्या आणि पुढं पुन्हा खांसाहेबांचा गंडा बांधला. दोघींमध्ये काही नव्हतंच, असं मी म्हणणार नाही. होतं. पण 'मोठी कोण?' यावर रात्री जागवल्या त्या ऐकणाऱ्यांनी. केसरबाईंना 1969 साली पद्मभूषण मिळालं, मोगूबाईंना 1974 साली. केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. मोगूबाईंनी आपल्या लेकीला, किशोरी आमोणकरांना, घडवलं. लावा आता हिशेब! मी कॉमर्सचा पदवीधर, पण या दोन रकमा एका रकान्यात मला काही मांडता आल्या नाहीत.

चित्रांचं पुस्तक पॅरिसचं. तिथल्या राजेशाही अकादमीत बायकांना जागा चार म्हणजे चारच. एलिझाबेत विजे-लब्रं आणि आदेलाईद लाबिय-गियार या दोघी 31 मे 1783 रोजी, एकाच दिवशी, आत आल्या. लगेच टीकाकार मंडळी दोघींना शेजारी उभं करून मापं घेऊ लागली. थोडक्यात, चहा तिथंही होता.

हेवा कोणाला चुकलाय? पण खुर्च्या मोजून मांडणारा नामानिराळा राहतो आणि दोष येतो तो खुर्चीसाठी धडपडणाऱ्यांच्या स्वभावावर. आणि भोवती आपण, फुकटचे प्रेक्षक! मला खरा धक्का बसला तो पुढच्या पानावर. 1790 साली लाबिय-गियारबाई अकादमीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बायकांवरची ही चारांची मर्यादाच काढून टाका. जिला खुर्ची मिळाली होती, तिनंच खुर्च्या वाढवा म्हणावं!

दुसऱ्या दिवशी चहाला नेहमीचा प्रश्न निघाला. मी धीर करून म्हटलं, "जागा एकच का, हे साहेबांना विचारू या का?"

सगळे एकदम कपात पाहू लागले. खुर्चीत बसल्यापासून तीन वर्षांत हा प्रश्न तुम्हाला एकदाही कसा सुचला नाही, असं नशिबानं मला कोणी विचारलं नाही.