राणी, सत्ती, पंजी

इस्पिकची राणी, बदामची सत्ती, चौकटची पंजी. 2023 च्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री, शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कापसाच्या गंजीला पाठ टेकून बसलो होतो, तेव्हा हातात आलेली ही पानं. यांच्या जिवावर मी तीन पत्तीच्या एका डावात 3000 रुपये घातले. शेवटी शो मागितला, तर समोरून अठ्ठीची जोडी निघाली.

ही गोष्ट मी पुढं कितीतरी जणांना हसत सांगितली. शाळेत डबा खातानाही सांगितली. हार अशी हसत सांगितली की माणूस मोकळ्या मनाचा वाटतो, आणि पुढचं कुणी विचारत नाही.

पुढचं असं, की मी गणित शिकवतो. अकरावीला क्रमचय-संचय फळ्यावर मीच मांडतो. 52 पानांतून तीन पानं 22,100 प्रकारे येतात. त्यातल्या 16,440 हातांत जोडीसुद्धा नसते. माझ्या राणी-सत्ती-पंजीहून हलके हात साधारण 7500, म्हणजे समोर एकच गडी असेल तर शंभरात 34 वेळा मी जिंकणार. पण समोर चौघं होते. चौघांचेही हात माझ्याहून हलके असायची शक्यता 34 टक्क्यांना चार वेळा गुणून काढायची, ती येते जेमतेम एक टक्का. बरं, हुलकावणी देऊन उठवावं म्हटलं तरी जोडीवाला सहसा उठत नाही, आणि चौघांतल्या एकाकडंही जोडी किंवा त्याहून वरचं काही नाही असं शंभरात तीसएक वेळाच घडतं. हे मला त्या रात्री ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

सिनेमात दिसतो तो पोकर वेगळा. तिथं पुढची पानं अजून उघडायची असतात, रद्दी हातही एखाद्या पानानं सुधारतो, त्यामुळं थांबून राहण्यात काही हिशेब असू शकतो. तीन पत्तीत आलं ते आलं.

मग का थांबलो? बूट, म्हणजे डावाआधी प्रत्येकानं टाकायची रक्कम, शंभरचा होता. पहिले तीन फेरे ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, खेळलो. ब्लाइंडला निम्मे पैसे लागतात हे तर खरंच, पण मला ब्लाइंड आवडतो त्याचं कारण दुसरं आहे. पान बघितलंच नाही तर निर्णय घ्यावा लागत नाही. हरलो तर नशिबावर ढकलता येतं. बँकेचं पाकीट मी असंच आठ-आठ दिवस टीव्हीवर न फोडता ठेवतो. चौथ्या फेरीला चुलतभाऊ म्हणाला, "सर, बघा आता, का असंच चालू द्यायचं?" नात्यानं मी त्याचा दादा, पण पत्त्यांत बसलो की सगळे मला सर म्हणतात. पानं बघितली. त्याच क्षणी टाकायला हवी होती. आधी गेलेले 400 आठवले, जणू ते अजून माझेच होते. शिवाय "सर भ्याले" हे ऐकायचं नव्हतं. 200 टाकले. पुढं 400, पुन्हा 400, मग 800. दोघंच उरलो तेव्हा शोचे 800. कापूस वेचायला मी त्या हंगामात किलोला 10 रुपये देत होतो. एका डावात 300 किलोची वेचणी गेली.

दिवाळीतल्या जुगाराला आपल्याकडं पांघरूणही आयतं मिळतं. पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात, शिवपार्वती सारीपाट खेळले म्हणतात. जुगारबंदीचा कायदा 1887 पासून आहे, पण घरच्या घरी खेळतोय म्हटलं की तोही आठवत नाही. आणि वर शेतकऱ्याचं ठेवणीतलं वाक्य: शेती तरी दुसरं काय आहे? हे मीही म्हणतो. पण पेरलेलं बी जमिनीतून परत काढता येत नाही. पानं मात्र खाली ठेवता येतात, कुणाचा हात धरलेला नसतो.

तो डाव हरलो त्या वर्षी आमच्या अंतरवाली सराटीचं नाव अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी होतं. 29 ऑगस्टला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि ज्यांनी कधी हे नाव ऐकलं नव्हतं ते रस्ता विचारत यायला लागले. परगावी कुणी "कुठले?" म्हटलं की मी छाती काढून सांगायचो. ऑक्टोबरच्या 31 ला सरकारनं 40 दुष्काळी तालुके जाहीर केले, त्यात आमचा अंबड होता. शेडमधल्या पाचांपैकी चौघांच्या खिशाला ते कळलं होतं. पाचवा मी. माझा पगार पावसावर नाही.

इथं मला ती दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी डबा खाताना सांगत नाही.

आदल्या दिवाळीत, 2022 ला, परतीच्या पावसानं सोयाबीनची माती केली होती. तेव्हा माझ्या हातात नव्वी, छक्की, तिर्री होती. समोर आमच्याच गल्लीतला एक, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, दोन एकर कोरडवाहू, पोरगा माझ्याच शाळेत. त्याच्या नोटा मांडीखाली होत्या. प्रत्येक चालीला तो अंगठ्यानं मांडीखालची एकेक नोट सरकवून काढायचा. एकदा अंगठा आत गेला आणि तिथंच थांबला. ते मी बघितलं. बघितलं म्हणूनच चाल दुप्पट केली. त्यानं पानं पुन्हा एकदा उचलून पाहिली, पालथी ठेवली आणि "मी पॅक, सर" म्हणाला.

पत्ते गोळा करताना कुणाच्या तरी हातून त्याची पानं उलटली. राजाची जोडी होती. सगळे माझ्याकडं बघून वा सर, वा सर करायला लागले. तो पण हसला.

त्या डावात त्याचे 600 होते. माझ्या पानांत काही नव्हतं, मी त्याच्या मांडीखालच्या नोटा मोजून खेळलो होतो. पुढच्या वर्षी राणी-सत्ती-पंजीवर 3000 घालवले, त्यात मूर्खपणा होताच. पण खरं म्हणजे तीच विद्या मी पुन्हा वापरत होतो. पगारी माणूस जास्त वेळ बसू शकतो, बाकीचे चौघं दमून उठतील, एवढाच माझा भरवसा. चुलतभावाला अठ्ठीची जोडी नसती आली तर मी ही गोष्ट कौतुकानं सांगितली असती.

गेल्या पोळ्याला मी 600 रुपये वेगळे खिशात घालून त्याच्या घरी गेलो होतो. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावून झाला होता, त्याची बोटं लाल होती. "या सर," म्हणून त्यानं बाज टाकली. चहा झाला. पोराला गणितात किती पडले ते त्यानं विचारलं, मी सांगितलं. मोसंबीच्या गळीवर बोललो. अर्ध्या तासानं उठलो, त्यानं फाटकापर्यंत येऊन राम राम केला. घरी आल्यावर सदरा खुंटीला अडकवला, तेव्हा नोटा खिशात तशाच होत्या.