अभ्यास मोबाइलवर कोणी नेला?

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात दहावीच्या पोराला संध्याकाळी विचारा, "अभ्यास झाला का?" उत्तर येतं, "चालूय." ते अगदीच खोटं नसतं. समोर गणित भाग २ उघडं असतं, समरूपतेचं उदाहरण अर्ध्यावर आलेलं असतं आणि पुढची पायरी सुचत नसते. गृहपाठात नेमकं काय दिलंय हे बघायला तो वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडतो. सरांनी पाठवलेला फोटो, त्याखाली 'ओके सर'ची रांग, मग कुणीतरी टाकलेली रील. पाऊण तासानंतरही वही त्याच पानावर असते आणि 'पहाटे उठून करतो' असं ठरतं. पहाटे कोण उठतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

या पोराला आळशी म्हणणं मला पटत नाही. आळशी माणूस निवांत लोळतो, हा मनातून बेचैन असतो. फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं की चालढकलीचं मूळ वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थितीत आहे. अवघड कामासमोर कंटाळा येतो, धास्ती वाटते, त्यातून तेवढ्यापुरती सुटका हवी असते. अडलेलं गणित आधीच्या पिढीलाही नकोसं व्हायचं. ती पोरं पेन्सिलीला टोक काढत बसायची, नाहीतर रस्त्यावरून कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर मोजायची. पण ट्रॅक्टर संपायचे. रील संपत नाही, आणि ती संपू नये यासाठी पगारी माणसं राबत असतात.

अभ्यास या फोनवर पोरांनी नेलेला नाही. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी हाक सरकारने दिली आणि पोराच्या हातात फोन देऊ नये म्हणणाऱ्या बापांनीही हप्त्यावर फोन घेतले. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. शाळा पुन्हा भरल्या, ग्रुप मात्र राहिले, कारण ते आपल्याला सोयीचे होते. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काहीतरी केलं होतं. समाजमाध्यमं वापरणारी ७६ टक्के होती. वही आणि जत्रा एकाच दारात मांडायची आणि पोरगं जत्रेत शिरलं म्हणून ओरडायचं, यात न्याय कुठला?

मोठी मुलंही यातून सुटलेली नाहीत. बारामतीच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे बसतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. म्हणजे रोज कागदावर उत्तरं लिहून काढायला हवीत. त्याऐवजी उत्तरं कशी लिहावीत याचे व्हिडिओ बघितले जातात, टेलिग्रामवरच्या नोट्स साठवल्या जातात. टॉपरची मुलाखत बघितली की आपणही निम्मे पास झालो असं वाटतं. ही चालढकल रीलपेक्षा वाईट, कारण तिची लाजसुद्धा वाटत नाही.

मग फोन काढून घ्यावा का? यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्ये अठराखालच्यांना मोबाइलबंदी केली. हेतू चांगला, पण बंदी फक्त पोरांवर. शिवाय घरात एकच फोन असेल तर बंदीत तो आधी मुलीच्या हातातून जाईल, अशी मला भीती वाटते. त्याच वर्षी सांगलीच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळं केलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. सुरुवातीला पुरुष मंडळी हसली. अंगणवाडी सेविका, आशा, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, तेव्हा ते रुळलं. तिथे पोराइतकाच बापही फोन ठेवतो. फरक पडतो तो यानेच.

भोंग्यावर दिवस बेतणं माळेगाव-भवानीनगरसारख्या साखर कारखान्यांच्या गावांना नवं नाही. तेव्हा शिक्षकांना विनंती एवढीच, की गृहपाठ फळ्यावर लिहून द्या, ग्रुपवर टाकू नका. आणि येत्या ग्रामसभेत दीड तासाचा हा विषय घ्या. पहिला फोन सरपंचांनी बंद करावा.