सुसंगत हकिगतीची अट

जिवावर बेतलेल्या प्रवासातून वाचलेल्या स्थलांतरिताकडे आश्रय देणारे राष्ट्र सर्वप्रथम मागते ती सुसंगत हकिगत, आणि मानसिक आघात नेमकी तीच मोडून टाकतो. प्राणांतिक भीतीच्या क्षणी मन अनुभव नेहमीच्या रीतीने साठवत नाही. वास, आवाज, अंगावरचा स्पर्श अशा तुटक खुणा ठसठशीत उरतात, मात्र घटनांचा क्रम, तारखा आणि मधले दुवे पुसट होतात. अमेरिकन मनोचिकित्सा संघटनेने १९८० मध्ये या अवस्थेला ‘आघातोत्तर तणाव विकार’ म्हणून आपल्या निदानपुस्तिकेत स्थान दिले, तेव्हा तिच्यासमोर प्रामुख्याने व्हिएतनाम युद्धातून स्वदेशी परतलेले सैनिक होते.

इरिट्रियातील बेमुदत सक्तीच्या लष्करी सेवेतून पळालेल्या तरुणाची स्थिती वेगळी असते. सुदान, सहारा आणि लिबियातील कोठड्या पार करताना त्याला अनेकदा खंडणीसाठी डांबले जाते, आणि छळ चालू असताना नातेवाइकांना फोन लावून त्याच्या किंकाळ्या ऐकवल्या जातात. म्हणजे प्रवासाला न निघालेले घरही त्या आघातात ओढले जाते. त्यापुढचा समुद्रप्रवासही जीवघेणा असतो: ३ ऑक्टोबर २०१३ रोजी इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ बंद पडलेल्या बोटीवर मदतीच्या इशाऱ्यासाठी घोंगडी पेटवली गेली, आगीच्या भीतीने माणसे एका बाजूला धावली आणि बोट उलटली. साडेतीनशेहून अधिक माणसे मरण पावली. जे १५५ वाचले, त्यांच्यावर इटलीच्या कायद्यानुसार बेकायदा प्रवेशाबद्दल चौकशी सुरू झाली.

अशा माणसाला आश्रय-मुलाखतीत तारीखवार वृत्तांत द्यावा लागतो, आणि दोन मुलाखतींत तफावत आढळली की तो खोटा ठरण्याची शक्यता वाढते. मानसशास्त्रज्ञ जेन हर्लिही व सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील कोसोव्हो व बोस्नियाच्या निर्वासितांविषयी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की एकाच व्यक्तीच्या दोन कथनांत विसंगती सर्रास आढळते, आणि आघाताची लक्षणे तीव्र असलेल्यांत मुलाखतींमधील काळ जितका लांबतो तितकी ती वाढते. लैंगिक अत्याचार तर लाजेपोटी पहिल्या खेपेस अनेकदा सांगितलेच जात नाहीत, आणि नंतर सांगितले की मागाहून जोडल्यासारखे भासतात. प्रत्येक विसंगती आघाताचीच असते असे अर्थातच नाही. परंतु तिला खोटेपणाचा पुरावा मानणारी व्यवस्था जो अधिक पोळला आहे त्यालाच अधिक अविश्वसनीय ठरवते.

यावर छळाच्या वैद्यकीय नोंदीची आंतरराष्ट्रीय कार्यपद्धती, म्हणजे ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’, हा उपाय पुढे आला; कथनातील विसंगती आपोआप असत्य ठरत नाही, हे त्यात मान्य आहे. तथापि फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ दिदिए फासँ आणि रिशार रेक्टमन यांनी दाखवल्याप्रमाणे त्यातून मनोवैद्यकाचे प्रमाणपत्र हे आश्रयार्थीच्या शब्दाहून वजनदार होऊन बसते. परिणामी उपचार करणाऱ्यालाच पुरावा तयार करावा लागतो, आणि सुनावणी होण्यापूर्वी रुग्णाची झोप सुधारली, तर पुरावा कमकुवत न करता त्या सुधारणेची नोंद कागदावर कशी करावी, हा प्रश्न दोघांपुढेही उभा राहतो.