सिस्टर नोंदवतात, ठरवते दुसरेच कोणी

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे नाव महाराष्ट्राला कळले ते १९९२-९३ मध्ये, तिथे शंभरावर आदिवासी बालके दगावली तेव्हा. त्यानंतर नवसंजीवन योजना आली, २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले, २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळा पालघर जिल्हा झाला. तरीही २०१६ मध्ये मोखाड्यातल्या खोच गावच्या बालमृत्यूने मंत्र्यांच्या गाड्या पुन्हा या घाटात आणल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये बोटोशी ग्रामपंचायतीतल्या मर्कटवाडीत दिवस भरण्याआधी घरीच जन्मलेली जुळी गेली आणि त्यांच्या आईला झोळीत घालून सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले. अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशी होते, अहवाल तयार होतो. त्यात अधिकारी बोलतात, डॉक्टर बोलतात, कार्यकर्ते आणि पत्रकारही बोलतात. उपकेंद्रावरची सिस्टर अहवालात येते ती बहुधा तिने भेट दिली होती की नाही, एवढ्यापुरतीच. कोणत्या घरात कोण किती महिन्यांची गरोदर आहे, कोण वीटभट्टीवर जाणार आहे आणि कोण दवाखान्याचे नाव काढताच तोंड फिरवते, हे तिच्याइतके यंत्रणेत कोणालाच ठाऊक नसते. हे ठाऊक असणे शास्त्राच्या कसोटीवर घासून धोरणापर्यंत नेण्याची व्यवस्था आपण केलेली नाही. योजना पुन्हा पुन्हा त्याच जागी अडखळतात याचे एक मोठे कारण मला तिथे दिसते.

ही व्यवस्था म्हणजे परिचर्या संशोधन. पण ते नाव काढले की पुष्कळांना ती एखाद्या व्यवसायाची हौस वाटते. रोगाचे संशोधन डॉक्टरांनी करावे, परिचारिकांनी सांगितलेले काम करावे, ही आपली जुनी वाटणी आहे. पण रुग्ण वाचतो की नाही हे औषधाइतकेच देखरेखीवर ठरते, आणि देखरेख मोजता येते. परिचर्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ युरोपीय देशांतल्या ३०० रुग्णालयांमधल्या, शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने त्याआधीच, १९९९ मध्ये, परिचारिका आणि रुग्ण यांच्या प्रमाणाचा कायदा केला होता आणि तो २००४ पासून लागू झाला. परिचारिकांची संख्या हा तिथे कामगार संघटनेच्या मागणीपुरता विषय राहिला नाही, तो जीवनमरणाचा आकडा झाला. आपल्याकडे ती अजून आस्थापनेच्या फायलीतली बाब आहे.

युरोपातली रुग्णालये कुठे आणि मोखाड्याचे पाडे कुठे, असे कोणी म्हणेल. मग गडचिरोलीकडे पाहू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले आणि निकालाची तुलना ४७ गावांशी केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हे काम डॉक्टर दांपत्याचे आहे, परिचारिकांचे नव्हे, हे मान्यच. पण तपासले गेले ते बव्हंशी शुश्रूषेचे काम: बाळाला ऊब देणे, लवकर अंगावर पाजणे, श्वास आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, वेळेवर उपचार सुरू करणे. केंद्र सरकारने २०११ मध्ये आशा स्वयंसेविकांमार्फत घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर नेला, त्यामागे हाच पुरावा होता. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत, कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवल्यावर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. यंत्र मोठे नाही, औषध नवे नाही. बदलली ती काळजी घेण्याची रीत, आणि ती बदलावी हे कोणीतरी मोजून दाखवले.

आता आशांच्या घरभेटींचा तो कार्यक्रम जव्हार-मोखाड्यात उतरवून पाहा. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे, असे वेळापत्रक आहे. ते घर जागेवर राहील असे त्यात गृहीत आहे. इथली दहापैकी नऊ माणसे आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. भात, नागली, वरईची कापणी झाली की दिवाळीनंतर त्यांतली असंख्य कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. ऐन दिवाळीत जन्मलेले बाळ चौदाव्या दिवशी कुठे असते? वही मोखाड्यात, बाळ भट्टीवर. मग वेळापत्रक आधी ओढून घ्यावे का, निघण्यापूर्वीची एक सक्तीची भेट ठेवावी का, भट्टीच्या गावातल्या आशाकडे बाळ सोपवण्याची रीत कशी असावी, हे प्रश्न तपासता येण्याजोगे आहेत. माहेरघराचेही तसेच. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी गरोदर बाईने आधी येऊन राहावे ही कल्पना चांगली. पण घरी दोन लहान मुले, शेळ्या आणि लावणी टाकून कोण येते, कोण येत नाही, आणि आलेली का परत जाते? पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित मुलाला १४ दिवस ठेवायचे असते. आई सहाव्या दिवशी निघते तेव्हा कागदावर ‘उपचार सोडून गेली’ असा शेरा पडतो. तो शेरा म्हणजे संशोधनाची सुरुवात असायला हवी होती. आपल्याकडे फाईल तिथेच बंद होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कुपोषण हा दारिद्र्याचा, रोजगाराचा, रस्त्याचा प्रश्न आहे, मर्कटवाडीला रस्ता हवा होता, प्रबंध नव्हे. बरोबर आहे. रस्त्याला पर्याय नाही. परंतु गडचिरोलीतल्या त्या गावांचे दारिद्र्य तीन वर्षांत संपले नव्हते, तरी मृत्यू घटले. दारिद्र्य हे कारण एवढे मोठे आहे की त्याच्याआड कोणतीही चूक लपू शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पदे रिक्त, एकीवर दोघींचे काम, त्यात डझनावारी नोंदवह्या आणि ऑनलाइन नोंदी भरणे. आता संशोधनाचे ओझेही सिस्टरवरच? तसे केले तर ते पाप ठरेल. पण ती आज माहिती गोळा करतेच आहे, रात्री घरी बसूनही करते. तीच माहिती चार जागी लिहायची आणि तिचे पुढे काय झाले हे कधीच ऐकायचे नाही, ही सध्याची रीत. नोंदी कमी करून मोजक्या आणि अर्थपूर्ण ठेवल्या तर संशोधनामुळे तिचे काम हलके होईल. आणि रिक्त पदांमुळे किती भेटी चुकल्या, त्यांपैकी किती बाळे दगावली, हे कोणी मांडले तरच पदे भरण्याच्या मागणीला धार येईल.

तिसरी अडचण फारशी बोलली जात नाही. ज्या यंत्रणेत मृत्यू नोंदवणाऱ्यालाच आधी जाब विचारला जातो, तिथे आकडे स्वतःला सांभाळून चालतात. बाळाचे वजन काट्यावर थोडे वाढते, उपजत मृत्यू आणि जन्मानंतरचा मृत्यू यांची अदलाबदल होते. अशा नोंदींवर कसलेही शास्त्र उभे राहत नाही. म्हणून प्रामाणिक नोंदीबद्दल कारवाई होणार नाही, ही हमी संशोधनाची पहिली अट आहे. ती द्यायला पैसा लागत नाही, प्रशासकीय धैर्य लागते. कदाचित म्हणूनच ती दुर्मीळ आहे.

संशोधन करणारी माणसे नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे, एम.एस्सी. नर्सिंगला प्रबंध सक्तीचा आहे. दरवर्षी प्रबंध लिहिले जातात. आणि त्यांतल्या पुष्कळांचा साचा एकच, अमुक विषयावर ‘नियोजित शिक्षण कार्यक्रमा’चा ज्ञानावर झालेला परिणाम. शिकवण्याआधी गुण कमी, शिकवल्यानंतर जास्त. शिकवल्यावर गुण वाढतात हे सिद्ध करायला आता नव्या प्रबंधाची गरज उरलेली नाही. हीच श्रमशक्ती जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात, मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि आसपासच्या उपकेंद्रांत वळवता येईल. जिल्ह्यातच डहाणूला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, तेव्हा पद्धतशास्त्राची मदत दूर नाही. प्रश्न मात्र सिस्टर आणि आशांनी सुचवलेला हवा. अभ्यासाच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव हवे, आणि त्या कामासाठी आठवड्यातला ठरावीक वेळ मोकळा हवा.

धोरणात याने काय बदलेल? आदिवासी भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष डोकी मोजतो, ओढे आणि चढ मोजत नाही. देशातल्या काही डोंगराळ व वाळवंटी भागांसाठी केंद्राने अर्ध्या तासाच्या पायी अंतराचा निकष मान्य केला आहे. पावसाळ्यात जव्हारच्या पाड्यांवर एका भेटीला खरोखर किती वेळ लागतो याची मोजणी हाती असेल, तर तोच निकष इथे मागता येईल. आयुष्मान भारतमधल्या सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्याच्या पदांवर महाराष्ट्राने मोठ्या संख्येने आयुर्वेदाचे पदवीधर नेमले. तो निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. बाळंतपण आणि नवजाताच्या बाबतीत तिथे परिचारिका असती तर फरक पडला असता का, हे तपासल्याशिवाय तो बरोबर होता असेही कोणाला म्हणता येणार नाही. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने शिक्षणाची चौकट नवी केली आहे. तिच्यात उपकेंद्रावरच्या संशोधनाला जागा आहे की नाही, हे आयोगाने ठरवायचे आहे.

पालघर जिल्हा परिषदेने एवढे जरी केले तरी पुरे: येत्या दिवाळीआधी जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतल्या सिस्टर आणि आशांना एकत्र बसवावे, स्थलांतरात हरवणाऱ्या बाळांबद्दलचे त्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत, त्यांतला एक निवडावा आणि त्याचे उत्तर पुढच्या वर्षीच्या आराखड्यात, खर्चाच्या तरतुदीसह, छापावे.